घरच्या लाकडी डेकसाठी साहित्य कसे निवडावे : ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्ची, रो-हाउसची परसबाग किंवा मोठी बाल्कनी येथे लाकडी डेक, म्हणजे चौकटीवर बसवलेली फळ्यांची उघडी जमीन, करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना ठाणे-नवी मुंबईचा पाऊस, खाडीची हवा आणि इथल्या वखारींत प्रत्यक्ष मिळणारे लाकूड गृहीत धरले आहे. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत यांतील काही उत्तरे बदलतील. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डेक म्हटल्यावर फळ्यांखेरीज आणखी काय काय घ्यावे लागते?

फळ्या दिसतात म्हणून सगळी चर्चा फळ्यांचीच होते. परंतु डेकमध्ये खालची चौकट, चौकटीला जमिनीपासून उचलून धरणारे टेकू, स्क्रू, आणि लाकडाला लावायचे तेल या चार गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या असतात. डेक खराब होतो तो बहुतेक वेळा खालून, जिथे पाणी अडून राहते आणि वारा पोहोचत नाही. त्यामुळे खर्चाला मर्यादा असेल तर फळी एक पायरी साधी घ्यावी, पण चौकट आणि स्क्रू यांत काटकसर करू नये. सुताराकडून दर मागवताना या पाचही बाबींचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘डेकचा चौरस फुटाचा भाव’ एवढेच मिळाले, तर त्यात नेमके कोणते स्क्रू धरले आहेत हे कधीच कळत नाही.

२. आमच्याकडची हवा लाकडाला खरोखर इतकी वाईट आहे का?

ठाण्यात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर जाऊन तसाच टिकून राहिला की कुजवणारी बुरशी वाढू लागते, आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन न पडल्यामुळे हे सहज घडते. त्यानंतर ऑक्टोबरचे ऊन तेच लाकूड भराभर वाळवते. हे फुगणे-आकसणे दरवर्षी होत असल्याने फळ्या तडकतात, वाकतात आणि स्क्रू सैल करतात.

परिसरही एकसारखा नाही. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळ, बेलापूर किंवा ठाण्यात कोपरी-कळवा अशा खाडीलगतच्या भागांत हवेतील क्षारांचा मारा लाकडापेक्षा लोखंडावर अधिक होतो (प्रश्न ११ पाहावा). येऊरच्या पायथ्याशी, उपवनच्या बाजूला, सावली आणि दमटपणा यांमुळे शेवाळाचा त्रास मोठा (प्रश्न १५ पाहावा). उंच इमारतीच्या पश्चिमेकडील गच्चीवर मात्र पावसाइतकेच ऊनही लाकडाची परीक्षा घेते.

३. मग कोणते लाकूड घ्यावे? एका वाक्यात सांगा.

उघड्यावरच्या डेकसाठी सागवानाच्या गाभ्याचे, नीट सुकवलेले लाकूड घ्यावे. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते पाणी कमी शोषते, वाळवी त्याला सहसा लागत नाही, ओल्या-सुक्यात त्याचा आकार इतर बहुतेक लाकडांपेक्षा कमी बदलतो, आणि ठाण्यातल्या कोणत्याही सुताराला ते हाताळता येते. आपल्याकडे लाकडाचा टिकाऊपणा त्याचे खुंट जमिनीत पुरून तपासतात. त्यात १२० महिने किंवा अधिक टिकणारे पहिल्या वर्गात, ६० महिन्यांच्या आत जाणारे तिसऱ्या वर्गात धरतात. साग पहिल्या वर्गात येतो. ही कसोटी मातीत पुरलेल्या लाकडाची आहे, हे लक्षात ठेवावे. हवा खेळणाऱ्या डेकमध्ये तेच लाकूड पुष्कळ अधिक टिकते.

आयपे, कुमारू ही दक्षिण अमेरिकेतील लाकडे सागापेक्षाही कठीण आणि टिकाऊ आहेत, मात्र ती आयात होतात, वजनाने फार जड असतात आणि प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडावे लागते. ऐन आणि किंजळ कोकणातल्या घरांत वाशांना सर्रास वापरत, पण ते कौलांच्या छपराखाली. उघड्या पावसात ऐनाच्या फळ्या तडकतात आणि पीळ घेतात, म्हणून फळीसाठी तो सुचवत नाही.

४. वखारीत गेल्यावर चांगले सागवान ओळखायचे कसे?

फळीची कड पाहावी. सालीलगतचा पांढुरका भाग आणि आतला सोनेरी-तपकिरी गाभा यांतला फरक ताज्या रंध्यावर स्वच्छ दिसतो. टिकाऊपणा फक्त गाभ्यात असतो. पांढुरका भाग सागाचा असला तरी तो बुरशी आणि कीड यांना इतर कोणत्याही हलक्या लाकडासारखाच बळी पडतो. घरातल्या कपाटात एखादी पांढरी रेघ चालून जाते, डेकमध्ये नाही. पॉलिश किंवा रंग मारलेली फळी दाखवली, तर तिचा एक कोपरा रंधून दाखवायला सांगावे.

याउलट, गाठींना उगाच घाबरू नये. घट्ट बसलेली लहान गाठ डेकला अपाय करत नाही, आणि दरवाजाच्या चौकटीसाठी लागणारे सरळ रेषांचे, निर्दोष लाकूड डेकसाठी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. चंद्रपूर-बल्लारशाच्या सागाची ख्याती मोठी आहे, अयोध्येच्या राममंदिराचे दरवाजेही त्याच सागाचे आहेत. परंतु दारासाठी मोजायची किंमत पायाखालच्या फळीसाठी मोजण्याचे कारण नाही. ओलाव्याचा मीटर वखारीत असतो. लाकडातला ओलावा १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास असावा. १८ च्या वर असेल तर ते लाकूड अजून सुकायचे आहे.

५. ‘बर्मा टीक’ आणि ‘आफ्रिकन टीक’ यांत काय फरक आहे? दोन्ही सागच ना?

प्रत्येक वेळी नाही. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी ‘बर्मा’ हे नाव बाजारात गुणवत्तेचा शिक्का म्हणून फिरतच राहिले आहे. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतून येणारा बराचसा माल लागवडीच्या सागाचा असतो. तो खरा सागच, पण कमी वयाच्या झाडांचा असल्याने त्यात पांढुरका भाग अधिक निघतो. ‘आफ्रिकन टीक’ या नावाखाली कधी इरोको हे वेगळ्याच झाडाचे लाकूडही विकले जाते. इरोको बाहेरच्या वापराला वाईट नाही, परंतु सागाच्या भावात ते घेऊ नये. नावापेक्षा प्रश्न ४ मधील तपासणीवर विसंबावे आणि बिलावर झाडाचे नाव लिहून घ्यावे.

६. पाइन निम्म्याहून स्वस्त पडते. त्यावर ‘एचटी’ असा शिक्काही आहे, म्हणजे प्रक्रिया केलेले असणार ना?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे बरेच डेक दोन पावसाळ्यांत जातात. तो ‘हीट ट्रीटमेंट’चा, म्हणजे तापवल्याचा शिक्का माल पाठवण्याच्या खोक्यांवरचा आणि पॅलेटवरचा असतो. लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून त्याचा गाभा किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी असलेली कीड मरते. पुढे बुरशी किंवा वाळवी लागू नये अशी कोणतीही व्यवस्था त्यात नसते.

पाइन वापरायचेच असेल तर दाबाखाली औषध आत ढकललेले घ्यावे. न्यूझीलंडहून येणाऱ्या अशा लाकडावर धोक्याची पातळी दाखवणारे चिन्ह असते : जमिनीपासून वर राहणाऱ्या डेकच्या फळीला एच३.२, मातीला टेकणाऱ्या खांबाला एच४. औषध ब्रशने वरून फासलेले असेल तर ते धरू नये. औषधाने हिरवट झालेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही जाळू नयेत. काही औषधांत आर्सेनिक असते. तसेच कापलेल्या प्रत्येक टोकाला तेच औषध पुन्हा लावावे लागते, कारण करवतीने आतला उघडा भाग बाहेर येतो.

७. गावी आमचे फणसाचे, आंब्याचे आणि जांभळाचे लाकूड पडले आहे. ते चालेल का?

फणसाचा पिवळा गाभा चालेल. तो वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि कोकणात त्याचा वापर पिढ्यानपिढ्या झाला आहे. आंबा चालणार नाही. तो टिकाऊपणाच्या तिसऱ्या वर्गातला असून ओल लागताच काळा पडतो.

जांभळाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ‘जांभूळ विहिरीत शंभर वर्षे टिकते, मग डेकमध्ये का नाही?’ असे हमखास विचारले जाते. विहिरीच्या तळाशी लाकूड कायम पाण्याखाली असते. तेथे बुरशीला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते कुजत नाही. डेकवरचे लाकूड आज भिजते आणि उद्या वाळते, म्हणजे बुरशीला ओल आणि हवा दोन्ही मिळतात. पाण्याखालच्या कीर्तीवरून उन्हापावसातला टिकाऊपणा ठरवता येत नाही. शिवाय जांभूळ सुकताना वेडेवाकडे होते.

घरचे लाकूड असले तरी एक इंची फळी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, साधारण एक वर्ष सुकवावी लागते. ही तीनही झाडे तोडायला महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये आधी परवानगी लागते आणि लाकूड ठाण्याला आणण्यापूर्वी वाहतुकीच्या परवान्याबाबत वनविभागाकडे चौकशी करावी.

८. पाडलेल्या वाड्याचे किंवा चाळीचे जुने सागवान घ्यावे का?

मिळाल्यास अवश्य घ्यावे. ते जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचे असते आणि पूर्ण सुकलेले असते. भिंतीत गाडलेली टोके कापून टाकावीत, आतले खिळे मेटल डिटेक्टरने शोधून काढावेत, नाहीतर गिरणीवाला पाते मोडल्याचे पैसे मागतो. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून रंग घासताना तोंडाला चांगला मास्क लावावा आणि भुसा बागेत टाकू नये.

९. डब्ल्यूपीसी घेतले तर ही सगळी कटकट संपत नाही का?

वाळवी आणि दरवर्षीचे तेल यांची कटकट संपते. त्याऐवजी दुसऱ्या काही गोष्टी सुरू होतात, आणि विक्रेता त्या सहसा सांगत नाही.

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणातून हे फलक तयार होतात. लाकूड मुख्यतः रुंदीत फुगते, डब्ल्यूपीसी उन्हाने लांबीत वाढते. त्यामुळे भिंतीजवळ आणि दोन फलकांच्या टोकांमध्ये उत्पादकाने सांगितलेली मोकळीक ठेवली नाही, तर मे महिन्यात फलक मधून उचलले जातात. गडद रंगाच्या फलकावर दुपारी अनवाणी उभे राहता येत नाही. लहान मुले किंवा ज्येष्ठ गच्चीवर वावरत असतील तर फिका रंग घ्यावा. पोकळ फलकांची उघडी टोके टोपी लावून बंद करावीत, पण खालून पाणी निघून जाईल अशी वाटही ठेवावी. हे साहित्य लाकडापेक्षा अधिक लवते, म्हणून खालचे आधार ३०० ते ३५० मिलिमीटरवर द्यावे लागतात आणि चौकटीचा खर्च वाढतो. त्यावर खोल ओरखडा उठला किंवा निखारा पडला तर रंधा मारून तो भाग नवा करता येत नाही. बाहेरून प्लास्टिकचा पातळ थर चढवलेले फलक महाग असले तरी डाग आणि रंग उडणे यांबाबत स्पष्टपणे सरस आहेत.

माझे मत असे की, खुल्या गच्चीवर आणि देखभालीला माणूस नसलेल्या घरी चांगल्या प्रतीचे डब्ल्यूपीसी हा योग्य निर्णय आहे. बसायच्या जागेला, जिथे हात आणि पाय रोज लाकडाला लागतात, तेथे सागच घ्यावा. प्लायच्या दुकानात कपाटांसाठी मिळणारा ‘डब्ल्यूपीसी बोर्ड’ ही निराळी, फेसाळ प्लास्टिकची वस्तू आहे. ती डेकला वापरू नये.

१०. खालची चौकट लाकडाची करावी की लोखंडाची?

गच्चीवर ॲल्युमिनियमची, बागेत औषधी प्रक्रिया केलेल्या लाकडाची किंवा सागाची करावी. साध्या लोखंडी पाइपला रेड ऑक्साइड मारून केलेली चौकट सर्वांत स्वस्त पडते आणि सर्वांत आधी जाते, कारण वेल्डिंगच्या जागी व पाइपच्या आतून गंज सुरू होतो आणि फळ्या काढल्याखेरीज तो दिसत नाही. जीआय (जस्ताचा लेप दिलेला) पाइप घेतला तर जोड वेल्डिंगने नव्हे, बोल्टने करावेत; वेल्डिंग केलेच तर तेथे जस्ताचा लेप पुन्हा द्यावा.

लाकडी चौकटीच्या माथ्यावर ब्यूटाइल टेप चिकटवावी. स्क्रूच्या भोकातून झिरपणारे पाणी ती अडवते. इतक्या कमी पैशांत चौकटीचे आयुष्य वाढवणारी दुसरी वस्तू नाही. २५ मिलिमीटरच्या लाकडी फळीसाठी आधारांमधले अंतर ४०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे. मरीन प्लाय चौकटीतही नको आणि फळीच्या जागीही नको. त्याचा डिंक उकळत्या पाण्याला टिकतो, पण कापलेल्या कडांतून ऊन-पाऊस आत शिरतोच.

११. स्टेनलेस स्क्रू घेतले तरी गंजले. असे कसे झाले?

‘एसएस’ एवढ्या नावाखाली किमान तीन प्रकार मिळतात. ४१० प्रतीचे स्वतः भोक पाडत जाणारे स्क्रू कणखर असतात, पण खारट हवेत गंजतात. त्यांना लोहचुंबक घट्ट चिकटतो. ३०४ प्रत खाडीपासून दूरच्या ठाण्यात पुरेशी आहे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती क्षारांना अधिक तोंड देते आणि खाडीलगत तीच घ्यावी. ३०४ व ३१६ यांतला फरक चुंबकाने कळत नाही, म्हणून खोक्यावरची खूण पाहावी : ए२ म्हणजे ३०४ चा वर्ग, ए४ म्हणजे ३१६ चा.

साग आणि ऐन यांतील द्रव्यांचा साध्या लोखंडाशी संयोग झाला की खिळ्याभोवती काळे डाग पडतात आणि ते आत मुरतात. २५ मिलिमीटरच्या फळीला ६० मिलिमीटरच्या आसपास लांबीचा स्क्रू, आधी भोक पाडून, फळीच्या कडेपासून किमान २० मिलिमीटर आत घ्यावा.

१२. फळी किती जाड, किती रुंद, आणि मध्ये फट किती?

तयार जाडी २५ मिलिमीटर असावी आणि रुंदी ९० ते १२० मिलिमीटरच्या दरम्यान. सहा इंची फळी दिसायला भारदस्त असते, पण पावसाळ्यात तिच्या कडा उचलल्या जाऊन मध्ये पाणी साचते. कोरड्या दिवसांत बसवताना ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवावी. पावसाळ्यात फुगलेली फळी बसवावी लागलीच तर ३ ते ४ पुरते, कारण फळी सुकली की फट आपोआप रुंदावते. फळीच्या कापलेल्या टोकांना मेणाचा किंवा तेलाचा लेप लावणे सुतार विसरतात, आणि पाणी सर्वाधिक तिथूनच आत जाते.

१३. १०० चौरस फुटांसाठी किती घनफूट लाकूड लागेल?

रंधा मारून २५ मिलिमीटर उरायची असेल तर सव्वा इंची कापीव फळी घ्यावी लागते. १०० चौरस फुटांना सव्वा इंच जाडी म्हणजे सुमारे १०.४ घनफूट. घटीसाठी आणखी १० ते १५ टक्के धरावेत. फटींमुळे थोडे लाकूड वाचते, पण ते हिशेबात न धरणे बरे. दहा फूट लांबीचे, दोन इंच बाय दोन इंचांचे ९ आधार घेतले तर त्यांचे अडीच घनफूट होतात. एकंदर १४ ते १५ घनफुटांच्या आसपास हिशेब येतो. वखारीत भाव ‘सीएफटी’वर, म्हणजे घनफुटावर सांगतात आणि तो कापीव मापावर असतो; सुतार तयार मापावर बोलतो. भांडणे या दोन मापांतच होतात.

१४. गच्चीवर किंवा बाल्कनीत बसवताना सोसायटीची आणि वजनाची अडचण येते का?

सोसायटीची गच्ची सामाईक असेल तर लेखी परवानगीशिवाय काम सुरूच करू नये. स्वतःच्या फ्लॅटला जोडलेली गच्ची असली तरी वॉटरप्रूफिंगमुळे सोसायटीला कळवणे शहाणपणाचे आहे. ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे वॉटरप्रूफिंगसाठी घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरात, एकही स्क्रू मारू नये. उंची कमी-जास्त करता येणारे प्लास्टिकचे टेकू वापरून डेक वरून नुसता ठेवावा. त्यामुळे उताराचे पाणी खालून वाहते, आणि गळती शोधायची वेळ आली तर भाग उचलता येतो. पाणी बाहेर जाण्याच्या तोंडावरची फळी स्क्रूने न बसवता सुटी ठेवावी.

सागाच्या डेकचे चौकटीसह वजन चौरस मीटरला साधारण २५ ते ३० किलो भरते. वापरातल्या गच्चीसाठी माणसे, खुर्च्या आणि हलवता येण्यासारख्या सामानाचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात, त्या मानाने हे कमी आहे. खरे ओझे डेकवर ठेवायच्या कुंड्यांचे असते : एक फूट खोल ओली माती चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होते. मातीचे मोठे वाफे किंवा पाण्याचा टब ठेवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारावे.

छपराखालच्या, पाऊस थेट न लागणाऱ्या बाल्कनीत मात्र नियम सैल करता येतात. तेथे एच३.२ पाइन किंवा उष्णतेने प्रक्रिया केलेले ॲश या झाडाचे लाकूड (थर्मो ॲश) सुखाने चालते, आणि ३०४ चे स्क्रू खाडीजवळही बऱ्यापैकी टिकतात.

१५. तेल लावावे की पॉलिश? आणि निसरडेपणाचे काय करावे?

तेल लावावे. पॉलिश किंवा पॉलियुरेथेनचा चकचकीत थर बाहेर टिकत नाही. तो तडकतो, खाली पाणी शिरते, आणि सोलून पुन्हा करावा लागतो. बाहेरच्या वापरासाठीचे, अतिनील किरणे रोखणारा रंगकण असलेले आत मुरणारे तेल एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पातळ लावावे व जास्तीचे फडक्याने पुसून घ्यावे. ते तेलाचे फडके गुंडाळून ठेवू नये, कारण काही तेले वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ते पाण्यात भिजवून मगच टाकावे. नुसते जवसाचे तेल आपल्या पावसात बुरशीचे खाद्य ठरते. काहीच लावले नाही तर साग करडा-चंदेरी होतो; हा रंगबदल आहे, कुजणे नव्हे, आणि ज्यांना तो आवडतो त्यांनी तेलाच्या भानगडीत पडू नये.

खाचा पाडलेली फळी कमी निसरडी असते हा समज अर्धवट आहे. खाचांत पाणी व माती साचून शेवाळ धरते, म्हणून येऊरकडच्या सावलीत गुळगुळीत फळी ताठ केसांच्या ब्रशने घासणे अधिक सोपे जाते. जोराच्या पाण्याचा पंप जवळून मारू नये. तो मऊ तंतू उपटतो आणि फळी खरखरीत करतो.

१६. रो-हाउसच्या बागेत मातीवर थेट डेक टाकता येईल का?

थेट नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील रो-हाउसच्या लहान बागांतून हा प्रश्न नेहमी येतो. वरची माती काढून, वाळवीविरोधी औषध देऊन, खडीचा थर आणि त्यावर सिमेंटचे लहान चौथरे करावेत आणि चौकट त्यांवर टेकवावी. लाकूड आणि माती यांच्यामध्ये किमान १५० मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. सागाला वाळवी सहसा खात नाही, पण त्याच्यावरून मातीचे बोगदे करून ती घराच्या दाराच्या चौकटीपर्यंत पोहोचते. डेकच्या चारी बाजू फळीने बंद करण्याचा मोह होतो. निदान दोन समोरासमोरच्या बाजूंना जाळी ठेवावी, म्हणजे खालून वारा जातो आणि बोगदे दिसतात.

१७. काम कधी सुरू करावे?

लाकूड डिसेंबर ते मार्च या काळात घ्यावे, ते घराजवळ सावलीत पट्ट्या घालून दोन आठवडे रचून ठेवावे, आणि मेच्या मध्यापर्यंत तेलासह काम पूर्ण करावे. जूनमध्ये सुरू केलेल्या कामात सुतार ताडपत्रीखाली घाईने फळ्या ठोकतो, टोकांना लेप लागत नाही, आणि तेल ओल्या लाकडात मुरत नाही. उशीर झालाच असेल तर ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबावे. तोवर चौकट आणि टेकू बसवून ठेवायला हरकत नाही, उलट पहिल्या मोठ्या सरीत पाणी कुठे अडते ते फळ्या बसण्यापूर्वीच दिसते.